वाढलेलं व्याज मुदतीत लपू देऊ नकोस

चि. सायली हिस,


ठाण्याच्या घराचं नक्की झाल्याचं ताईकडून कळलं. फार आनंद झाला. चाळीस लाखांचं कर्ज साडेसात टक्क्यांनी मंजूर झालंय आणि हप्ता पगारात बरोबर बसतो, असं ती म्हणाली. तो ‘बरोबर’ बसतो, याचीच मला काळजी वाटते. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली, म्हणून सही करण्याआधी चार गोष्टी सांगतो.

साडेसात टक्के हा आजचा दर आहे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराशी जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, धरला आहे. रेपो वाढला की तीन महिन्यांच्या आत तुझं व्याजही वाढणार.

ते किती झपाट्याने वाढतं, हे २०२२ मध्ये दिसलं. मे २०२० पासून रेपो ४ टक्क्यांवर होता. पुढे युक्रेनचं युद्ध पेटलं, तेल आणि धान्य महागलं, आणि एप्रिल २०२२ मध्ये महागाईचा दर ७.७९ टक्क्यांवर गेला. ४ मे रोजी रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता दर वाढवला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो साडेसहावर पोचला. नऊ महिन्यांत अडीच टक्के!

आता कागद-पेन्सिल घे. तुझ्याएवढंच कर्ज कुणी तेव्हा ७ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं असेल, तर हप्ता साधारण ३१ हजार. दर वाढला की बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवत. खात्यातून तेवढेच पैसे जात राहतात, म्हणून घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. पण याच हप्त्यात ८ टक्क्यांनी कर्ज फिटायला जवळपास पंचवीस वर्षं लागतात, साडेआठने एकोणतीस आणि नऊने अडतीस. साडेनऊला तर महिन्याचं व्याजच ३१,६६७ रुपये होतं. म्हणजे हप्ता भरूनही मुद्दल वाढतच जाणार. अशा वेळी बँकेला हप्ता वाढवावाच लागतो, आणि तयारी नसलेल्या घराची ओढाताण होते.

या छुप्या मुदतवाढीच्या तक्रारी आल्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम कडक केले. दर बदलला की त्याचा हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होईल, हे बँकेने कळवलं पाहिजे. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हे निवडायचा हक्क तुझा आहे. दर तिमाहीला विवरणही मिळतं: मुद्दल आणि व्याज किती वसूल झालं, हप्ते किती उरले. ते उघडून बघच. उरलेल्या हप्त्यांचा आकडा फुगला असेल, तर त्याच आठवड्यात शाखेत जा आणि हप्ता वाढवून माग. मुदत वाढवणं हा नोकरी गेली, आजारपण आलं अशा अडचणीसाठी राखून ठेवायचा उपाय आहे.

आता तुझा हिशेब. साडेसातने वीस वर्षांसाठी हप्ता ३२ हजारांच्या थोडा वर येतो. साडेनऊने तो ३७ हजारांच्या पुढे जाईल. त्यामुळे पहिल्या महिन्यापासून ३७ हजारांचीच सवय लाव. वरचे पाच हजार आधी वेगळे साठव आणि सहा हप्त्यांइतकी गंगाजळी झाली की पुढचे पैसे कर्जात भर. घरासाठी व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड नसतो. हे पाच हजार सुरुवातीपासूनच कर्जात गेले आणि दर वाढलाच नाही, तर वीस वर्षांचं कर्ज पंधरा वर्षांच्या आत फिटेल. दर वाढला तर तुझा हात आधीच तयार असेल. दोन्हीकडून तुझाच फायदा आहे.

२०२५ मध्ये रेपो सव्वा टक्क्याने उतरला, म्हणून सध्या सगळीकडे उत्साह आहे. पुढेही उतरला, तरी हप्ता कमी करून घेऊ नकोस. स्वस्ताईतच मुद्दल भराभर कमी होतं. मुद्दल कमी असलं की पुढची दरवाढ तेवढी टोचत नाही.

आणि ३७ हजार आजच जड वाटत असतील, तर कर्जाची रक्कम कमी कर. एक खोली कमी असली तरी घरात सुखाने राहता येतं, पण व्याजाच्या धास्तीने झोप उडाली तर मोठ्या घराचा आनंद राहत नाही.

बँकेच्या पत्रात रेपोवर किती टक्के जादा लावले आहेत आणि दर कधी बदलणार, या दोन ओळी शोध. सापडल्या नाहीत तर मॅनेजरकडून लेखी घे. पत्राची प्रत मला पाठव. ती वाचून मी फोन करतो, त्यानंतरच सही कर.

तुझा,
मामा