परसातली काकडी आणि फवारणीचा पंप

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की वाशिम, रिसोड, मंगरुळपीरच्या बाजारात भाजीच्या बियांची पाकिटे मांडलेली दिसतात. आमच्या वस्तीतल्या बाया ती हातात घेऊन पाहतात आणि ठेवून देतात. "वावर नाही आपल्याकडं, लावायचं कुठं?" काकडीला वावर लागत नाही. न्हाणीच्या मागची चार हात जागा आणि कुडाचा आधार मिळाला, तर तीन-चार वेलांवर एका घराची काकडी निघते.

आरोग्याच्या पानावर हा शेतीचा धडा कशाला, असे कुणी विचारील. भाजी आपण धुतो, चिरतो, शिजवतो. काकडी मात्र वेलावरून तोडून पोर तशीच खाते. वेलावर जे पडले असेल ते सरळ पोटात जाते. म्हणून काकडी लावायला शिकताना तिच्यावर काय पडू द्यायचे नाही, हे आधी शिकले पाहिजे.

आमचाच अनुभव सांगतो. एका पावसाळ्यात आमच्या दारी वेल छान चढले होते. मावा दिसला म्हणून आम्ही निंबोळीचा अर्क केला आणि शेजारून मागून आणलेल्या पंपाने फवारला. तो पंप आदल्या दिवशी धुऱ्यावर टू-फोर-डी हे तणनाशक मारून आला होता. विसळला होता, पण नुसता विसळून तो स्वच्छ होत नाही. चार दिवसांत शेंडे वळले, नवी पाने आकसून पंख्यासारखी झाली, आणि आठवड्याभरात सगळे वेल गेले. काकडी, दोडका, भोपळा या वेलवर्गीय पिकांना या औषधाचा थोडासा अंशही सोसत नाही. वेल गेले ते एका अर्थी बरेच झाले. दुसरे एखादे कीटकनाशक पंपात उरले असते, तर वेल हिरवेगार राहिले असते आणि आम्ही काकड्या खाल्ल्या असत्या.

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांत दुसऱ्याच्या वावरात मजुरीने फवारायला गेलेले लोकही होते. ही औषधे श्वासातून जातात तशी कातडीतूनही जातात, हे तेव्हा गावोगावी कळले. पण वावरातून उरलेले औषध बाटलीत घालून घरी येते, 'वाया कशाला घालवायचं' म्हणून परसातल्या वांग्या-काकडीवर मारले जाते, त्याबद्दल आम्ही फारसे कुणाला बोलताना ऐकले नाही. कपाशीच्या औषधाचे प्रमाण आणि फवारणीनंतर थांबायचे दिवस कपाशीसाठी ठरवलेले असतात. काकडी तर दर दोन दिवसांनी तोडावी लागते. थांबणार किती आणि कोण? औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पाणी घालायला किंवा रोप लावायला वापरू नये. त्याला भोके पाडून तो निकामी करावा, म्हणजे दुसरा कुणी उचलून नेणार नाही.

आता बियांकडे वळू. पाकिटातले बी गुलाबी, लाल किंवा निळे दिसले, तर त्याला थायरमसारखे बुरशीनाशक चोळलेले असते. ते जेवणाच्या वाटीत भिजवू नये, लेकरांच्या हाती देऊ नये, आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत. चुकून पोराने ते खाल्ले, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढायच्या फंदात पडू नका. पाकीट सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची हिमांगी ही पांढरट काकडी आणि जुना पुणे खिरा, हे सुधारित वाण घरासाठी चांगले. त्यांचे बी पुढच्या वर्षी धरता येते. संकरित बियाणे जोमाने येते, पण त्याच्या फळातले बी पेरले तर तशीच काकडी मिळेल याचा भरवसा नाही. रिसोड तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. वाण निवडताना तिथे विचारायला संकोच करू नये. ते आपल्यासाठीच आहे.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि काकडीचे मूळ पाण्यात सडते. म्हणून वीतभर उंच ओटा करून त्यात दोन घमेली कुजलेले शेणखत आणि थोडी रेती मिसळावी. ताजे शेण घालू नये, मुळे जळतात. रंग न लावलेले बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधले तर लवकर फुटते. एका ठिकाणी दोन-तीन बिया, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल, आणि दोन ठिकाणांत दोन-अडीच फूट अंतर. ऊबदार मातीत पाच-सहा दिवसांत कोंब वर येतात. नंतर सर्वांत जोमदार रोप ठेवून बाकीची कापावीत, उपटू नयेत. उपटताना शेजारच्या रोपाची मुळे हलतात.

मांडवाला तुराट्या आणि पऱ्हाट्या पुरेशा आहेत. वेल वर चढला की फळ मातीला लागत नाही आणि सडत नाही. धुण्याभांड्याचे पाणी बुडाशी घालायला हरकत नाही, मात्र संडासाच्या शोषखड्ड्याशेजारी वेल लावू नये आणि सांडपाणी फळावर उडू देऊ नये. आळ्यात किंवा डब्यात पाणी साचू दिले तर काकडीबरोबर डासही पोसले जातात.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिवळी फुले येतात आणि गळून पडतात. इथे बऱ्याच जणी घाबरतात. पहिली फुले बहुधा नर असतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे बोटभर काकडीचा आकार दिसतो. सकाळी मधमाशी या फुलावरून त्या फुलावर गेली की फळ धरते. माशी येत नसेल, तर नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला भाग मादी फुलाला हलकेच टेकवावा.

"पाळीच्या दिवसांत बाई वेलाजवळ गेली, म्हणून वेल जळला," हे वाक्य आजही आपल्या घरांत ऐकू येते. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला, त्यांच्या घरात हा शब्द शिल्लक राहावा, याचे आम्हाला फार वाईट वाटते. वेल एकाएकी सुकला तर बुडाशी उकरून पाहा. मूळ सडलेले किंवा किडीने खाल्लेले सापडेल. पानांवर पांढरी पूड दिसली तर ती भुरी, खालच्या बाजूला करडी बुरशी आणि वरून पिवळे चट्टे दिसले तर केवडा. दोन्हींची बाधित पाने काढून दूर टाकावीत.

कोवळ्या पानांवरचे लाल भुंगे भल्या पहाटे सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. फळमाशीने टोचलेली वाकडी फळे उकिरड्यावर फेकू नयेत, त्यांतल्या अळ्यांच्या पुन्हा माश्या होतात. हातभर खोल पुरावीत. कोवळ्या फळाला कागदी पिशवी बांधली तर माशीला टोचायला जागाच राहत नाही. मावा-तुडतुड्यांसाठी वाळलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, किंचित साबण मिसळावा आणि संध्याकाळी, मधमाश्या गेल्यावर, शिंपडावी. पंप नकोच. बाटलीच्या झाकणाला भोके पाडली की काम होते.

काकडी कडू निघाली की शेजारच्या कारल्यावर आळ येतो. काकडी आणि कारल्याचा संकर होत नाही. ऊन, पाण्याचा ताण आणि वाणाचा गुण यांमुळे फळात कडू द्रव्य वाढते. देठाकडचा तुकडा कापून चाखावा. गर खूप कडू लागला तर ती काकडी टाकून द्यावी. कडू दुधीच्या रसाने माणसे गंभीर आजारी पडली आहेत, काही दगावलीही आहेत. त्याच जातीची कडू द्रव्ये काकडीत असतात. साखर-मीठ घालून कडूपणा झाकणे म्हणजे शरीराने दिलेला इशारा बंद करणे.

काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. तिने रक्त वाढत नाही. अंगात रक्त कमी असलेल्या मुलीला गोळ्या, कडधान्य आणि शेवग्याचा पाला लागतोच. पण दाण्याचा कूट आणि दही घालून केलेली कोशिंबीर भाकरीशी पोटभर होते आणि साखरेच्या रोग्यालाही चालते. रक्तदाब असेल त्यांनी मात्र वरून मीठ भुरभुरू नये.

जूनअखेरीस लावलेला वेल ऑगस्टच्या मध्यापासून फळ देतो. सर्वांत निरोगी वेलावरची एक काकडी दोरा बांधून राखावी, ती पिवळी-तांबूस होऊन मऊ पडेपर्यंत तोडू नये. मग चिरून गरासह बी दोन दिवस मातीच्या भांड्यात ठेवावे, वर फेस आला की चोळून धुवावे. तरंगणारे टाकावे, बुडालेले सावलीत खडखडीत वाळवावे. कोरड्या बाटलीत चमचाभर राख घालून, वर वाणाचे नाव आणि वर्ष लिहून ठेवावे. हे बी चार-पाच घरांना पुरते. देताना त्याला कुठलेही औषध चोळलेले नाही, हेही सांगावे.