खेळातील घाट आणि खरा घाट

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालेली मोटार आंबेनळी घाट चढू लागते. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास खोल दरी. पावसाळ्यात धुके असे दाटते की, पुढचे वळणही दिसेनासे होते.

असे घाटरस्ते आता पडद्यावरील खेळांतही आढळतात. मोटारींच्या शर्यतीच्या जुन्या खेळांत बहुधा आखलेला एकच मार्ग असे. २०१२ साली सुरू झालेल्या ‘फोर्झा होरायझन’ या मालिकेत मात्र विस्तीर्ण प्रदेश मोकळा असतो. खेळणाऱ्याने हवी ती वाट धरावी. २०१८ च्या चौथ्या भागात ऋतू पालटू लागले. २०२१ च्या पाचव्या भागात मेक्सिको देश आहे; तेथे एकीकडे ऊन, तर दुसरीकडे वादळ असते. ओल्या रस्त्यावर चाकांची पकड सुटते, हेही खेळात दिसते.

या खेळात मोटार रस्ता सोडून कोसळली, तरी एक कळ दाबताच काळ मागे फिरतो आणि मोटार पुन्हा वळणाच्या अलीकडे येते.

खऱ्या रस्त्यास ती कळ नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात इंग्रजी अमदानीतील पूल वाहून गेला. दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. २०१७ च्या जूनमध्ये नवा पूल खुला झाला. गेलेली माणसे परतली नाहीत.

म्हणून पुलाची तपासणी पुरापूर्वी व्हावी लागते आणि मोटारीचा वेग वळणापूर्वी आवरावा लागतो.

स्वाध्याय
१. खेळातील रस्ता खऱ्या रस्त्यासारखा कोणत्या बाबतींत आहे? कोणत्या बाबतीत नाही?
२. घाटात चढणाऱ्या गाडीस आधी वाट का देतात?