एक वर्ग, अनेक वाचक

पहिल्या इयत्तेच्या वर्गात बसलेली मुले साधारणपणे एकाच वयाची असतात. त्यांची वाचनाची तयारी मात्र एकसारखी नसते. एखाद्या मुलाच्या घरी वर्तमानपत्र येते, मोठी भावंडे मोठ्याने धडे वाचतात, आजी रात्री गोष्ट सांगते. आपण जे बोलतो ते कागदावर उतरवता येते, ही गोष्ट त्याला शाळेत येण्यापूर्वीच उमगलेली असते. त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीच्या घरी छापलेला कागद येतो तो फक्त वाण्याच्या पुडीच्या रूपाने. तिसऱ्या मुलाची घरची बोली शाळेच्या भाषेहून निराळी असते. चौथा सुगीच्या दिवसांत आईबापांबरोबर परगावी जातो आणि परत येतो तेव्हा वर्ग चार धडे पुढे गेलेला असतो. पाचव्याला फळ्यावरचे अक्षर नीट दिसत नाही, पण हे कोणाच्या ध्यानातच आलेले नसते. या सर्वांना एकाच दिवशी, एकाच पानावरचा, एकच धडा शिकवला जातो.

याचा परिणाम काय होतो हे सांगण्यासाठी भविष्यवेत्त्याची गरज नाही. धडा पुढे सरकतो आणि मूल मागे राहते. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची घरोघर जाऊन पाहणी करणारा ‘असर’ हा अहवाल २००५ पासून प्रसिद्ध होत आला आहे. त्याच्या २०२२ च्या पाहणीत सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी केवळ १६.३ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. शाळा दीर्घकाळ बंद ठेवणाऱ्या साथीनंतरची ही स्थिती होती. २०२४ मध्ये हे प्रमाण २३.४ टक्क्यांपर्यंत वाढले. सुधारणा खरी आहे. तथापि चारांपैकी तीन मुले अद्याप त्या पातळीच्या खालीच आहेत, हेही तितकेच खरे आहे.

तिसरीचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. त्यानंतरची परिसराची, गणिताची आणि इतिहासाची पुस्तके, मुलाला वाचता येते असे गृहीत धरूनच लिहिलेली असतात. ज्याला वाचता येत नाही त्याला शाब्दिक उदाहरणाचे गणित येत असूनही ते सोडवता येत नाही. असे मूल हळूहळू गप्प होते, मागच्या ओळीत जाऊन बसते आणि एक दिवस शाळेत येईनासे होते. म्हणून प्रारंभीच्या वाचनाचा प्रश्न हा केवळ भाषेच्या तासाचा प्रश्न नव्हे. मुलाच्या एकंदर शिक्षणाचे भवितव्य त्यावर अवलंबून असते.

अक्षरांची वाट

मुले मागे का पडतात याचा विचार करताना आपल्या लिप्यांचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. भारतीय लिप्या ध्वनीशी प्रामाणिक आहेत, त्यामुळे त्या शिकणे सोपे, असे सामान्यतः मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. येथे मुलाला नुसती मुळाक्षरे ओळखून भागत नाही. प्रत्येक व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी, उकार लागून त्याची निरनिराळी रूपे होतात आणि त्यांवर जोडाक्षरांची भर पडते. कन्नड लिपीत बाराखडीला ‘कागुणित’ म्हणतात आणि जोडाक्षरातील खाली लिहिल्या जाणाऱ्या चिन्हाला ‘ओत्तक्षर’. मूळ चिन्हे पन्नासच्या आसपास असली, तरी त्यांच्यापासून तयार होणाऱ्या रूपांची संख्या शेकड्यांत जाते.

कन्नड माध्यमाच्या मुलांच्या वाचनाचा अभ्यास करून सोनाली नाग यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की, हा सर्व अक्षरसंच आत्मसात करण्याची क्रिया पहिल्या वर्षात पुरी होत नाही. ती चौथी-पाचवीपर्यंत चालू राहते. पाठ्यपुस्तक मात्र पुष्कळदा असे गृहीत धरते की, पहिलीच्या अखेरीस बाराखडी संपली आणि दुसरीपासून वाचन सुरू झाले. या दोन वेगांमधील अंतर सर्वांत अधिक जाचते ते घरी मदत न मिळणाऱ्या मुलाला.

हेग्गडदेवनकोटे येथील प्रयोग

या अंतरावर उपाय शोधण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न कर्नाटकात झाला. मैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे हा जंगलाला लागून असलेला तालुका. तेथील शाळांत शेतकऱ्यांच्या मुलांबरोबर जेनु कुरुब आणि बेट्ट कुरुब या वनवासी समाजांची मुलेही येतात, आणि त्यांची घरची बोली पुस्तकी कन्नडहून बरीच निराळी असते. अनेक ठिकाणी एकाच शिक्षकाला दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळाव्या लागत. १९९५ मध्ये, युनिसेफच्या साहाय्याने, या तालुक्यात ‘नलि-कलि’ हा उपक्रम सुरू झाला. ‘आनंदाने शिक’ असा त्या नावाचा आशय.

याची प्रेरणा शेजारच्या आंध्र प्रदेशातून आली होती. मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली येथील ग्रामीण शिक्षण केंद्राने आसपासच्या एकशिक्षकी शाळांसाठी पाठ्यपुस्तकाऐवजी लहान लहान कार्डांचा संच तयार केला होता. सगळे साहित्य एका पेटीत मावत असल्याने त्याला ‘पेटीतील शाळा’ असे नाव मिळाले. हेग्गडदेवनकोटे येथील शिक्षकांनी ते काम प्रत्यक्ष पाहिले आणि परत आल्यावर आपल्या मुलांना साजेशी कार्डे स्वतः तयार केली. पुढे २००९-१० मध्ये ही पद्धती राज्यातील कन्नड माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळांच्या आरंभीच्या वर्गांत लागू करण्यात आली.

या शिक्षकांनी पहिला बदल केला तो अक्षरांच्या क्रमात. वर्णमालेच्या पारंपरिक क्रमाने शिकणारे मूल आधी सर्व स्वर शिकते. परंतु नुसत्या स्वरांपासून शब्द फारसे बनत नाहीत, म्हणून कित्येक आठवडे त्याच्या हाती वाचण्यासारखे काहीच लागत नाही. नलि-कलिमध्ये प्रथम र, ग, स, द, अ ही पाच अक्षरे घेण्यात आली. एवढ्यांतूनच ‘सर’ म्हणजे हार, ‘अरस’ म्हणजे राजा, ‘अगस’ म्हणजे परीट, ‘गरगस’ म्हणजे करवत आणि मैसूरच्या मुलांच्या ओळखीचा ‘दसर’ असे शब्द तयार होतात. काना-मात्रेचा अडथळा मध्ये न येता मूल पहिल्या काही दिवसांतच अर्थ असलेला शब्द वाचू लागते. मंदगतीने शिकणाऱ्या मुलाला याचे महत्त्व विशेष असते, कारण वाचन म्हणजे निरर्थक आवाजांची घोकंपट्टी नव्हे, हे त्याला प्रारंभीच कळते.

दुसरा बदल वर्गाच्या रचनेत झाला. शिकण्याच्या सर्व पायऱ्या एका मोठ्या तक्त्यावर शिडीच्या रूपाने मांडल्या गेल्या. प्रत्येक पायरीवर एक चित्रचिन्ह आणि तेच चिन्ह असलेले कार्ड. मूल आपली पायरी पाहते, आपले कार्ड स्वतः काढून घेते आणि त्या कार्डाच्या सूचनेप्रमाणे पाच गटांपैकी एकात जाऊन बसते. या गटांना ‘तट्टे’, म्हणजे ताटे, असे घरगुती नाव आहे. पहिल्या गटात नवीन गोष्ट शिकवायची असल्याने शिक्षक पूर्ण वेळ मदत करतात; दुसऱ्यात ती मदत थोडी कमी होते; तिसऱ्यात व चौथ्यात मुले एकमेकांच्या साहाय्याने सराव करतात; पाचव्यात मूल एकट्याने काम करते. मुलांची चित्रे व लेखन टांगण्यासाठी वर्गात डोक्यावर तारा बांधलेल्या असतात, आणि भिंतीचा खालचा भाग मुलांच्या हाताला पोचेल असा फळा म्हणून रंगवलेला असतो.

या रचनेचा खरा लाभ असा की, गैरहजर राहिलेल्या मुलाला वर्गाच्या मागे धावावे लागत नाही. महिनाभराने परतलेली मुलगी ज्या पायरीवर थांबली होती तेथूनच पुढे चढू लागते. शिवाय शिक्षकाचे लक्ष तीस मुलांत विखुरण्याऐवजी ज्यांना त्या घटकेला त्याची गरज आहे अशा पाच-सहा मुलांवर एकवटते.

मुंबई आणि वडोदरा येथील धडा

मुलाच्या पातळीवरून शिकवण्याचे फळ किती, याची काटेकोर परीक्षा शहरांतही झाली. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदरा येथील महानगरपालिकांच्या शाळांत ‘बालसखी’ हा कार्यक्रम चालवला होता. वस्तीतीलच एखादी शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळातच रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन बसे आणि त्यांना पाठ्यपुस्तकाऐवजी वाचनाच्या व गणिताच्या मूळ गोष्टी शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत त्याचे मोजमाप केले आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बालसखीकडे जाणाऱ्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसून आली. परंतु याहून बोधप्रद गोष्ट दुसरीच होती. ही मुले बाहेर गेल्यामुळे मूळ वर्गातील गर्दी कमी झाली होती. तरीही तेथे उरलेल्या मुलांच्या प्रगतीत त्यामुळे काही फरक पडला नाही. वर्ग लहान झाला, पण शिकवण्याची रीत तीच राहिली. फरक पडला होता तो मुलाच्या पायरीपासून आरंभ केल्यामुळे.

बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनी मागे पडलेल्या मुलांसाठी महिनाभराची वाचनशिबिरे घेतली, तेव्हाही मुले पुढे गेली. मात्र शाळेच्या नियमित वर्षात केवळ शिक्षकांचे प्रशिक्षण व साहित्य दिले असता तसा परिणाम दिसला नाही. शिक्षकांना ही रीत येत नव्हती असे नव्हे. उन्हाळ्यात त्यांनीच ती यशस्वी करून दाखवली होती. शाळा उघडताच अभ्यासक्रम पुरा करण्याचे ओझे त्यांच्या मानेवर बसले, एवढेच. हरियाणात २०१२-१३ मध्ये रोजच्या वेळापत्रकात यासाठी एक स्वतंत्र तास राखून ठेवला गेला आणि त्या तासाला इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार मुलांना बसवण्यात आले, तेव्हा हिंदी वाचनात सुधारणा आढळली. सदिच्छेला वेळापत्रकात जागा मिळाली नाही तर ती वर्गात टिकत नाही.

गट असावा, शिक्का नसावा

पातळीनुसार गट करण्यात एक धोका आहे. ‘हुशार’ मुलांची एक रांग आणि ‘ढ’ मुलांची दुसरी, अशी विभागणी आपल्या शाळांना नवी नाही. तिच्यामुळे मूल स्वतःविषयी जे मत बनवते ते वाचन आल्यानंतरही पुसले जात नाही. म्हणून काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. गट एका कामापुरता व थोड्या मुदतीचा असावा. दर दोन-तीन आठवड्यांनी मुलाचे वाचन ऐकून तो बदलावा. अक्षरगटातील मूल चित्रे काढण्यात किंवा गोष्ट सांगण्यात इतरांच्या पुढे असू शकते, त्यामुळे त्या कामांसाठी गट निराळे असावेत. आणि दिवसातील काही वेळ सर्व मुले एकत्र बसलीच पाहिजेत. शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवलेली गोष्ट ऐकताना वाचणारे आणि न वाचणारे असा भेद उरत नाही; शब्दसंग्रह सर्वांचाच वाढतो.

दुसरा धोका यांत्रिकतेचा. कार्डांमागून कार्डे उरकणे म्हणजे वाचन नव्हे. शिडी चढून गेल्यावर हाती खरे पुस्तक यावे लागते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २००८ मध्ये काढलेली ‘बरखा’ ही हिंदी पुस्तकमाला या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. चाळीस छोट्या गोष्टी, चार चढत्या पातळ्या, आणि विषय मुलांच्या रोजच्या जगण्यातले. ज्याला चारच शब्दांचे वाक्य वाचता येते त्यालाही एक संपूर्ण पुस्तक वाचल्याचे समाधान अशा मालेमुळे मिळते.

प्रयत्न करूनही काही मुलांना अक्षरे सातत्याने फसवतात. अशा वेळी प्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत. दोन्ही निर्दोष असूनही अडचण कायम राहिल्यास ती विशिष्ट अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने तिला मान्यता दिलेली आहे. तो आळस नव्हे आणि मतिमांद्यही नव्हे. अशा मुलास तज्ज्ञाची मदत आणि अधिक वेळ मिळणे हा त्याचा हक्क आहे.

आरंभ कोठून करावा

कार्डे, शिडी किंवा मदतनीस यांपैकी काहीच हाताशी नसले, तरी शिक्षकाला एक गोष्ट करता येते. एका आठवड्यात, रोज पाच-सहा मुले याप्रमाणे, प्रत्येक मुलाला जवळ बसवून त्याचे वाचन ऐकावे. त्यासाठी एक कागद पुरतो. त्यावर काही सुटी अक्षरे, काही सोपे शब्द, चार ओळींचा एक उतारा आणि आठ-दहा ओळींची एक गोष्ट लिहावी. मूल कोठपर्यंत सहज पोचते आणि कोठे अडखळते, हे त्याच्या नावापुढे टिपून ठेवावे. या वेळी चूक काढू नये व गुणही देऊ नयेत.

मग रोजचा एक तास या टिपणानुसार द्यावा. अक्षरांपाशी थांबलेल्या मुलांना त्यांच्याच तोंडचे शब्द पाटीवर लिहून द्यावेत: आईचे नाव, गाईचे नाव, बाजारातून आणलेली वस्तू. शब्द वाचणाऱ्यांनी दोघादोघांच्या जोडीने वाक्ये वाचावीत. गोष्ट वाचणाऱ्यांनी ती लहानांना वाचून दाखवावी. ऐकणाऱ्याप्रमाणेच वाचणाऱ्यालाही त्याचा फायदा होतो. घरची बोली निराळी असलेल्या मुलाला आधी तिच्यातून बोलू द्यावे, कारण जे शब्द कानांना परके असतात ते डोळ्यांना ओळखू येत नाहीत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रारंभीच्या वाचनाला अग्रक्रम दिला आणि जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे ध्येय २०२६-२७ या वर्षापर्यंतसाठी ठरवले. परंतु ध्येय देशाचे असले तरी वाचन एकेका मुलाचे असते. शिक्षकाच्या टेबलावरील हजेरीपत्रक कोण आले आणि कोण आले नाही एवढेच सांगते. आलेल्यांपैकी कोण कोणत्या शब्दापाशी अडले आहे, हे त्याच्या शेजारच्या वहीत लिहिलेले असले, तर दुसऱ्या दिवशीचा धडा कोणासाठी कोठून सुरू करायचा, याचे उत्तर शिक्षकाला त्या वहीतच मिळते.