सेकंडहँड शिडाची बोट : सुखाचं गणित

हॉस्टेलवर सेकंडहँड वस्तूंचा व्यवहार कुणाला नवा नाही. पास होऊन जाणाऱ्या सीनियरकडून सायकल, ड्राफ्टर, कूलर, कधी बाइक... सगळं आपण घेत असतो. घेताना काय बघतो? रंग बरा आहे का, सीट फाटली आहे का आणि फार तर एक किक मारून इंजिनाचा आवाज. फसलो तर गॅरेजवाला आहेच. पण हीच पद्धत शिडाच्या बोटीला लावली तर? किनाऱ्यापासून दोनशे मैलांवर गॅरेज नसतं आणि बोट ढकलत आणायची सोयही नसते!

युरोप-अमेरिकेत १९७०-८० च्या दशकांत बांधलेल्या फायबरग्लासच्या बोटी आजही मोठ्या संख्येने पाण्यात आहेत. लाकडासारखं फायबरग्लास कुजत नाही, त्यामुळे नोकरदार माणूस अशीच जुनी बोट घेऊन कुटुंबासह आठवडे, महिने समुद्रावर राहतो. याला क्रूझिंग म्हणतात. यात शर्यत नाही, घाई नाही. घरच बरोबर घेऊन फिरायचं. अशी बोट निवडणं म्हणजे फ्लुइड मेकॅनिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि मेटलर्जीचा एकत्र पेपर. म्हणून हा विषय आपल्या अंकात.

शिवाय आपलं एक नातंही आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. जगात असं करणारे ते पहिले. त्यांची ३२ फुटी सागवानी ‘सुहैली’ बांधली गेली ती आपल्या मुंबईत!

१) सुख, पण कुठलं?

बंदरात बांधलेल्या बोटीत गिऱ्हाईक शिरतं तेव्हा त्याला मोठी केबिन, रुंद पलंग, भरपूर उजेड आवडतो. हे झालं बंदरातलं सुख. समुद्रातलं सुख वेगळं. तिथे बोट किती हळुवार हलते, लाटेवरून आपटते की कापत जाते, कललेल्या अवस्थेत झोप लागते का, हे महत्त्वाचं. गंमत अशी की ही दोन सुखं बऱ्याचदा एकमेकांच्या विरुद्ध जातात. केबिन मोठी करायची तर बोट रुंद हवी आणि स्वस्तात, वेगात जायची तर हलकी हवी. रुंद आणि हलकी बोट बुचासारखी प्रत्येक लाटेबरोबर झटकन उचलली जाते. माणसाला त्रास देतं ते प्रवेग, म्हणजे ॲक्सिलरेशन. मळमळ तिथूनच सुरू होते आणि आजारी, थकलेला खलाशीच चुकीचे निर्णय घेतो. म्हणजे इथे सुख ही चैन नाही, सुरक्षिततेचाच भाग आहे.

२) तीन आकडे

बोट बघायला जाण्याआधी कागदावर तीन आकडे काढावेत. त्यासाठी एकूण लांबी, पाण्याच्या रेषेवरची लांबी, रुंदी (सर्व फुटांत) आणि वजन (पौंडांत) एवढीच माहिती लागते.

पहिला, कम्फर्ट रेशो. डिझायनर टेड ब्रूअर यांनी हा थोड्या गमतीनेच मांडला, पण लोकांनी तो डोक्यावर घेतला. पाणरेषेच्या लांबीचे ७० टक्के आणि एकूण लांबीचे ३० टक्के यांची बेरीज करा. तिला ०.६५ ने गुणा, मग रुंदीच्या १.३३३ व्या घाताने गुणा. या गुणाकाराने वजनाला भागा. उत्तर जितकं मोठं तितकी बोटीची हालचाल संथ.

दुसरा, उलटण्याचा आकडा. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड-आयर्लंडच्या समुद्रात फास्टनेट शर्यतीच्या ३०३ बोटी वादळात सापडल्या आणि १५ स्पर्धक प्राणास मुकले. त्यानंतर अमेरिकेत हे सूत्र तयार झालं. वजनाला ६४ ने भागा (समुद्राच्या एका घनफूट पाण्याचं वजन ६४ पौंड), त्याचं घनमूळ काढा आणि त्याने रुंदीला भागा. उत्तर २ पेक्षा कमी असावं.

तिसरा, वेगमर्यादा. पाणरेषेच्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये.

आता उदाहरणं. पहिली बोट काल्पनिक, पण आधुनिक धाटणीची : लांबी ३२, पाणरेषा २८, रुंदी ११ फूट, वजन ८,५०० पौंड. दुसरी इंग्लंडची काँटेसा ३२ : लांबी ३२, पाणरेषा २४, रुंदी ९.५ फूट, वजन ९,५०० पौंड. तिसरी रसलर ३६ : लांबी सुमारे ३५.३, पाणरेषा २६.९, रुंदी ११ फूट, वजन सुमारे १६,८०० पौंड. कॅल्क्युलेटर काढा!

आधुनिक बोट : कम्फर्ट १८.३, उलटण्याचा आकडा २.१६, वेग ७.१ नॉट.
काँटेसा ३२ : कम्फर्ट २७.५, उलटण्याचा आकडा १.७९, वेग ६.६ नॉट.
रसलर ३६ : कम्फर्ट ३५.९, उलटण्याचा आकडा १.७२, वेग ६.९ नॉट.

पहिली बोट पळते छान, केबिनही ऐसपैस. पण खुल्या समुद्रात तिच्यातला चहा कपात राहणं कठीण! १९७९ च्या त्या वादळात सर्वांत छोट्या गटातून शर्यत पूर्ण करणारी एकमेव बोट काँटेसा ३२ होती. आणि आपल्या नौदलातले निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले ते रसलर ३६ मधून.

३) आकडे काय सांगत नाहीत?

उलटण्याच्या सूत्रात वजन किती एवढंच येतं, ते कुठे आहे हे येत नाही. उद्या सगळं शिसं कीलमधून काढून डोलकाठीच्या टोकाला बांधलं तरी उत्तर तेच! म्हणून नीरम (बॅलास्ट) एकूण वजनाच्या किती टक्के आहे आणि किती खोल आहे, हे वेगळं विचारायचं. शक्य असेल तर स्थैर्याचा आलेख मागायचा. किती अंश कलल्यावर बोट स्वतःहून सरळ होणं थांबवते, हे त्यात दिसतं.

दुसरं म्हणजे समुद्र सूत्रं वाचत नाही. अभिलाष टॉमी यांची २०१८ मधली ‘तुरीया’ गोव्यात बांधलेली, सुहैलीचीच प्रतिकृती होती. तरीही दक्षिण हिंदी महासागराच्या वादळात तिची डोलकाठी मोडली, ते स्वतः जबर जखमी झाले आणि त्यांची सुटका करावी लागली. चांगला आकडा म्हणजे गॅरंटी नव्हे. वाईट आकडा मात्र इशारा नक्कीच.

४) हातोडी, टॉर्च आणि नाक

आता प्रत्यक्ष तपासणी. बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय व्यवहार करूच नये.

कील : बोल्टने जोडलेली कील असेल तर जोडाजवळ गंजाचे ओघळ, भेगा बघा. बोट खडकावर आदळली की कीलचं खालचं टोक मागे ढकललं जातं आणि मागची कड बोटीच्या तळात वर घुसू बघते (मोमेंट आठवा!). म्हणून आतून, कीलच्या मागच्या टोकाजवळच्या आडव्या पट्ट्यांना केसासारख्या भेगा आहेत का ते टॉर्चने बघायचं. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफिकी’ या बोटीची कील अटलांटिकमध्ये निखळली आणि चौघे जण गेले. चौकशीत पूर्वीचे आघात आणि त्यावरची दुरुस्ती यांच्याकडे बोट दाखवलं गेलं. ‘कधी आदळली होती का?’ हा प्रश्न मालकाला तोंडावर विचारा.

डेक : दोन फायबरग्लास थरांमध्ये बाल्सा लाकूड असतं. स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरलं की ते कुजतं. प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, ‘भद्द’ आला तर आत चिखल.

तळावरचे फोड : यांना सगळे घाबरतात. पाणी वरच्या थरातून झिरपून आत आम्लयुक्त द्रव बनतो; फोड फोडला तर व्हिनेगरसारखा वास येतो. पण चार-दोन फोडांनी बोट बुडत नाही. किंमत कमी करायला मात्र छान मुद्दा!

तारा : डोलकाठी धरून ठेवणाऱ्या स्टेनलेस तारा साधारण दहा ते पंधरा वर्षांनी बदलाव्या लागतात. वरून चकचकीत दिसतात, पण सांध्यात जिथे पाणी साचतं आणि ऑक्सिजन पोचत नाही तिथे गंज आतून पोखरतो. एक तार तुटली की डोलकाठी गेली.

तळातले व्हॉल्व्ह : साधं पितळ समुद्रात जस्त गमावतं आणि उरतं ते सच्छिद्र, गुलाबीसर तांबं. हात लावला की तुकडा हातात. मग काय होईल? दीड इंची भोक, पाण्याखाली ६० सेंटिमीटर. वेग = √(२ × ९.८१ × ०.६) म्हणजे सुमारे ३.४ मीटर प्रति सेकंद. डिस्चार्ज कोएफिशंट ०.६ धरला तर मिनिटाला सुमारे १४० लिटर! हॉस्टेलच्या नळाला कधी एवढं पाणी बघितलंय? प्रत्येक व्हॉल्व्ह स्वतः उघडून-मिटून बघा आणि शेजारी लाकडी खुंटी बांधलेली असू द्या.

इंजिन : गेल्या गेल्या हात लावा. गरम असेल तर मालकाने आधीच चालू करून ठेवलंय. थंड इंजिन कसं सुरू होतं हे लपवायचं असेल. धूर काळा तर हवा कमी किंवा भार जास्त, निळा तर ऑइल जळतंय, पांढरा राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा पाणी.

५) आत शिरल्यावर

आता कुठे गाद्यांकडे बघायचं! पण डोळे मिटून कल्पना करा की बोट २० अंश कललीय. पकडायला दांडे आहेत का? झोपायची जागा अरुंद आणि बोटीच्या मध्याजवळ आहे का? तिथे हालचाल सर्वांत कमी असते. नाळेतला देखणा पलंग समुद्रात झोपायच्या कामाचा नाही. स्टोव्ह झुलता आहे का, म्हणजे भांडं सपाट राहील? पिण्याच्या पाण्याच्या टाक्या किती लिटरच्या? आणि नाकाने सांगा, डिझेलचा किंवा कुबट वास येतो का? चार दिवसांत तो वासच मळमळ आणतो.

६) पैसे आणि क्रम

बोटीच्या किमतीइतकेच पैसे हातात असतील तर ती बोट आपली नाही. निदान पाचवा हिस्सा तारा, शिडं, दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. स्वतंत्र सर्व्हेअरची फी वाचवू नये, आणि मालकाने सुचवलेला सर्व्हेअर घेऊ नये. सौदा ‘तपासणी आणि समुद्रातली चाचणी पसंत पडल्यास’ या अटीवरच करावा.

सगळ्यात महत्त्वाचा क्रम. बोटीचा आकार आणि वजन कधीच बदलता येत नाही. कील, तळ, डेक दुरुस्त होतात, पण महागात. तारा, इंजिन पैसे टाकून बदलता येतात. गाद्या आणि रंग तर एका सुट्टीत होतात. तपासणी याच क्रमाने करायची. बहुतेक खरेदीदार नेमकी उलटी करतात, कारण गादी आधी दिसते!

आपल्यापैकी किती जण बोट घेतील कोण जाणे. पण उद्या जुनी बाइक, जुनं लेथ किंवा जुना फ्लॅट बघायला गेलात तर स्वतःला एवढंच विचारा : यातलं काय मला नंतर बदलता येणार नाही? तिथून सुरुवात करा.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी