मुक्त सॉफ्टवेअर आणि दूरचा संगणक

संगणकाला काम सांगणारी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, कोणाच्या ताब्यात असावी? वरवर तांत्रिक वाटणारा हा प्रश्न वस्तुतः स्वातंत्र्याचा आहे. अमेरिकेत १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला तो याच भूमिकेतून. आज्ञावली हव्या त्या कामासाठी वापरणे, तिची मूळ संहिता अभ्यासून तीत बदल करणे, तिच्या प्रती वाटणे आणि सुधारलेल्या प्रतीही वाटणे, ही चार स्वातंत्र्ये वापरणाऱ्याला हवीत, असा त्यांचा आग्रह होता.

ती टिकावीत म्हणून ‘कॉपीलेफ्ट’ची युक्ती निघाली. प्रताधिकार सोडून न देता त्याच्याच बळावर अट घालायची : दुसऱ्याला प्रत द्याल, तर तिची संहिता आणि हीच स्वातंत्र्येही द्या. १९८९ चा ‘जीपीएल’ परवाना या तत्त्वावर उभा आहे.

परंतु ही अट लागू होते ती प्रत दिल्यावर. नेमकी इथेच मेख आहे. आज आपली पत्रे, हिशेब, लेखन इंटरनेटवरून दूरच्या संगणकावर होते. आज्ञावली चालते कंपनीकडे. आपल्या हाती पडते ते मुख्यतः फळ. तेव्हा जीपीएलखालील आज्ञावली घेऊन, तीत सुधारणा करून, एखादी कंपनी लाखोंना सेवा देऊ शकते आणि सुधारलेली संहिता स्वतःजवळच ठेवू शकते. परवान्याचा भंग होत नाही. हेतूचा मात्र होतो.

यावर उपाय म्हणून २००२ मध्ये ‘अफेरो’ परवाना आला आणि २००७ मध्ये ‘ग्नू’ने त्याची आपली आवृत्ती काढली. बदललेली आज्ञावली नेटवर्कवरून वापरू देणाऱ्याने वापरणाऱ्यांना तिची संहिताही उपलब्ध करून द्यावी, असे तो सांगतो.

एवढ्याने प्रश्न सुटतो काय? घरच्या जात्याला आपण हवी तेव्हा टाकी लावू शकतो. गिरणीवाल्याने यंत्राचा नकाशा दिला, तरी गिरणी त्याचीच राहते. शिवाय दाणेही त्याच्या स्वाधीन करावे लागतात. संहिता मिळाली, तरी दूरच्या संगणकावर कोणती आज्ञावली चालावी हे आपण ठरवू शकत नाही. म्हणूनच, आपले काम आपल्याच संगणकावर मुक्त सॉफ्टवेअरने करावे, असे स्टॉलमन यांनी २०१० मध्ये मांडले.

प्रबंध लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना ‘लिबरऑफिस’सारखे साधन त्यासाठी उपलब्ध आहे. दूरची सोय वापरूच नये असे नव्हे. परंतु सोयीच्या बदल्यात आपण काय देतो आहोत, याचा विचार सुशिक्षित माणसाने अवश्य करावा.