मोतीबिंदूनंतरचा काचबिंदू आणि लेसर उपचार

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली की डोळ्यांची चिंता मिटली, असे आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी मानतात. ही समजूत कधी कधी दृष्टीच्या मुळावर येते.

मोतीबिंदूत डोळ्याचे नैसर्गिक भिंग गढूळ होते. हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसविले आणि या आजारावर खात्रीचा मार्ग खुला झाला. काचबिंदूचे तसे नाही. त्यात डोळ्यातील द्रवाचा निचरा मंदावून बहुधा दाब वाढतो आणि दृष्टीची नस झिजत जाते. सहसा वेदना होत नाहीत. कडेचे दिसणे आधी कमी होते, म्हणून रुग्णाला पत्ता लागत नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही.

शस्त्रक्रियेनंतर अनेकांचा दाब थोडा उतरतो. काहींचा मात्र सूज, पूर्वीचा काचबिंदू किंवा दीर्घकाळ घातलेले स्टिरॉइडचे थेंब यांमुळे वाढतो. निचऱ्याचा कोन उघडा असेल, तर तेथील जाळीवर लेसरचे सूक्ष्म ठिपके देतात. १९७९ मध्ये आर्गॉन लेसरची ही पद्धत पुढे आली. १९९० च्या दशकात तिचे सौम्य रूप, ‘एसएलटी’, आले. डोळा बधिर करून काही मिनिटांत, चिरा न देता हा उपचार होतो. कृत्रिम भिंग असलेल्या डोळ्यातही तो करता येतो. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात आणि काही वर्षांनी तो ओसरू शकतो. ब्रिटनमधील २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या रुग्णांना प्रथम हा लेसर दिला, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नाही.

येथे एक घोटाळा टाळावा. भिंगामागील पडदा धूसर झाल्यावर ‘याग’ लेसरने तो मोकळा करतात. त्याने नजर स्वच्छ होते, काचबिंदू आटोक्यात येत नाही. काचबिंदूचा लेसर याउलट नजर वाढवीत नाही, उरलेली राखतो. त्यामुळे ‘लेसर झाले’ एवढ्यावर समाधान मानू नये. तो कशासाठी झाला, हे विचारावे.

आईवडिलांना तपासणीस नेताना डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारा: दाब किती आहे? कोन उघडा आहे की अरुंद? नस कशी आहे? उत्तरे वहीत लिहून ठेवा, आणि सांगितल्याशिवाय थेंब सुरू वा बंद करू नका.