पावती आधी, पोहे नंतर
(इतिहास मंडळाचं प्रदर्शन भरवणाऱ्या भाचीला कानमंत्र)

पोरी, तुमच्या तालुक्याच्या इतिहास मंडळानं यंदा प्रदर्शन भरवायचं ठरवलंय आणि धावपळ सगळी तुझ्या गळ्यात पडलीय, असं कळलं. बरं झालं, तुझ्यासारख्या भटकभवानीला हेच काम शोभतं. मंडप, माईक, बॅनर कोणीही बघेल. तू जपायचं ते एवढंच: लोक पेटीतली वस्तू आणि मनातली आठवण तुमच्या हवाली करतात, त्या भरवशाला ओरखडा येता कामा नये. पुढचं सगळं त्याच्यासाठीच सांगतेय.

आधीची तयारी

१. तारीख पावसाळ्यात धरू नकोस – दमट हवेत जुना कागद नरम पडतो आणि बुरशी धरतो. १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह बरा. हवा कोरडी असते आणि बोर्डाच्या परीक्षा लांब असतात.

२. एक दिवस तरी आठवडे बाजाराचा येऊ दे – वाड्यावस्त्यांवरची माणसं त्या दिवशी गावात असतात, आणि कुणाच्या बांधावर कोरलेला दगड उभा आहे हे त्यांनाच ठाऊक असतं.

३. विषय एकच घे आणि तो आपल्या गावचा घे: पेठ, तळं, वाडा, दुष्काळ – सगळा महाराष्ट्र शाळेच्या हॉलमध्ये मावत नाही, आणि रायगड बघायला लोक रायगडावरच जातात.

४. वस्तू मागायला जाताना त्या घरच्या ओळखीचं माणूस सोबत ने – पेटी किल्लीनं नाही, ओळखीनं उघडते. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव, घरोघर फिरले, तेव्हा कुठे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड निघाले, त्यातला पहिला १८९८चा.

५. पहिल्या भेटीत काही मागू नकोस, नुसतं बघून ये – आजीच्या लुगड्याखाली जपलेला कागद बाहेर काढायला घराला चार दिवस लागतात, आणि ते लागू द्यावेत.

वस्तू हाती येते तेव्हा

६. वस्तू घेण्याआधी दोन प्रतींत पावती कर, एक त्यांना, एक मंडळाला. पावती आधी, पोहे नंतर – ओळखीच्या घरीच कागद करायचा राहून जातो, आणि मग तंटाही ओळखीतच होतो.

७. मालकासमोरच वस्तूचे सगळ्या बाजूंनी फोटो काढ. असलेली चीर, डाग, उडालेला कोपरा पावतीवर लिही – परत देताना ‘हे आधीच होतं का?’ असा प्रश्न कुणाच्या मनातसुद्धा येऊ नये.

८. पाटीवर घराचं नाव हवं की नको, ते विचार – कुणाला त्याचा मान वाटतो, कुणाला चोराची धास्ती वाटते.

९. तलवार, कट्यार, ठासणीची बंदूक येणार असेल तर पोलीस ठाण्याला आधी लेखी कळव आणि ती बंद काचपेटीतच मांड – शस्त्र दिसलं की पोरांचे हात शिवशिवतात.

१०. शेतात सापडलेली नाणी कुणी ओंजळीत घेऊन आलं, तर ती मांडू नकोस. त्याला आधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायला लाव – १८७८चा निखात निधी कायदा दहा रुपयांहून जास्त किमतीच्या गुप्तधनाला लागू होतो, आणि भल्या शेतकऱ्याला उगाच चौकशी नको.

११. हॉलमध्ये ‘विकणार का?’ हा शब्द कुणाला काढू देऊ नकोस – १९७२च्या कायद्यानं शंभर वर्षांपुढची मूर्ती, नाणं आणि पंचाहत्तर वर्षांपुढचं मोलाचं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं. तिच्या व्यापाराला परवाना लागतो, आणि ती खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाही.

कागद, नाणं, दगड

१२. मोडी कागदांतले एखाद-दोन अस्सल मांड, बाकीच्यांच्या रंगीत प्रती लाव – बघणाऱ्याचं समाधान प्रतीनं होतं, आणि अस्सल फाटलं तर भरून निघत नाही.

१३. जुन्या कागदाला चिकटपट्टी, टाचणी, स्टेपलर आणि लॅमिनेशन चारही वर्ज्य – पट्टीचा गोंद पिवळा पडून कागद खातो, पिन गंजते, आणि लॅमिनेशन केलेलं पान पुन्हा सोडवता येत नाही.

१४. कागद धरायला साबणानं धुऊन कोरडे केलेले हात बरे. नाणी आणि फोटोंना मात्र सुती मोजे घाल – मोज्यातून कागदाची कडा बोटाला कळत नाही म्हणून तो फाटतो, आणि धातूवर घामाचा ठसा कायमचा उमटतो.

१५. कागद आणि कापड खिडकीच्या उन्हात किंवा दिव्याच्या झोतात ठेवू नकोस – संग्रहालयंसुद्धा त्यांना साधारण ५० लक्स इतकाच मंद उजेड देतात; उडालेली शाई आणि विटलेला पैठणीचा रंग परत येत नाही.

१६. तांब्याची शिवराई चिंच-राखेनं घासायला निघालेल्या उत्साही काकांना प्रेमानं थांबव; चकाकी आली, अक्षरं गेली – वरच्या काळपट-हिरव्या थरासोबत ‘श्री राजा शिव’सुद्धा निघून जातं.

१७. वीरगळ किंवा सतीशिळा उचलून हॉलमध्ये आणू नका, फोटो आणि नकाशा लावा. दगड हलला की गाव मुकं झालं – तो जिथे उभा आहे ती वेस, ते देऊळ, ती वाट हीच त्याची अर्धी साक्ष असते.

१८. झिजलेला शिलालेख वाचायला खडू, तेल, शेंदूर, ऑइलपेंट काही लावू नकोस. अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला लगटून एका बाजूनं धर – सावली खाचांत बसते, दिवसा सपाट दिसणाऱ्या दगडावर आधी चंद्र-सूर्य उमटतात, मग एकेक अक्षर, आणि बघता बघता पुरी ओळ लागते.

१९. शिलालेखाचा ठसा जाणत्या माणसाकडूनच घ्या – ओला कागद ब्रशनं ठोकून दगडात बसवायचा, वाळत आला की वरून शाईचा बोळा फिरवायचा. हात चुकला तर शाई झिरपून दगडच काळा होतो.

पाटी लिहिताना

२०. प्रत्येक पाटीवर पाच गोष्टी लिही: काय, कुठलं, कोणी जपलं, किती जुनं आणि कशावरून – पाचवीमुळेच बाकीच्या चारांवर लोकांचा विश्वास बसतो.

२१. कागदात सापडलेलं एका रंगाच्या पाटीवर आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेलं दुसऱ्या रंगाच्या पाटीवर लिही – आख्यायिकाही गावची ठेव आहे, पण दोन्हींची सरमिसळ झाली की दोन्हींची किंमत जाते.

२२. शकाचं इसवी सन करताना डोळे मिटून ७८ मिळवू नकोस. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवायचे असतात – शिवजन्म शके १५५१च्या फाल्गुनातला, म्हणून तो १६३०च्या फेब्रुवारीत येतो, १६२९मध्ये नाही.

२३. मोडी कागदावर शुहूर सन असेल तर मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे मृगापर्यंत ६०० मिळव – हे वर्ष मृगाला, म्हणजे शेतकऱ्याच्या हंगामाला सुरू होतं.

२४. वतनाचा तंटा, कर्ज किंवा जातीचा बोचरा उल्लेख असलेला कागद लावण्याआधी त्या-त्या घरांशी बोल – पाटी वाचणाऱ्यांत त्याच घरचा नातू उभा असतो, आणि त्याला मान खाली घालायला लावणं हे आपलं काम नाही.

२५. पाटी ठसठशीत अक्षरांत लिही आणि चौथीतल्या पोराच्या डोळ्यांपाशी लाव – पोर थांबलं की मागे आई-बापही थांबतात.

माणसं जमतात तेव्हा

२६. मोडीचं एक टेबल मांड आणि येणाऱ्याला त्याचं नाव मोडीत लिहून दे – आडवी रेघ आधी ओढून तिच्याखाली सलग अक्षरं कशी चालतात, हे आपल्याच नावात पाहिल्यावर शिकायची हौस येते. शेजारीच मोडी वर्गाची नोंदवही ठेव.

२७. उद्घाटन अर्ध्या तासात उरक. उद्घाटन लांबलं, प्रदर्शन आंबलं – शाळेची पोरं सतरंजीवर बसून कंटाळली की मांडलेलं काही बघत नाहीत.

२८. समई, हार, हळद-कुंकू आणि चहा दाराबाहेरच्या टेबलावर ठेव – कुंकवाचा एक डाग पडला तर तो पाचशे वर्षं टिकेल अशा कागदावर पडतो.

२९. आठवणींचा एक कोपरा कर आणि वडीलधाऱ्यांना ‘इतिहास सांगा’ म्हणू नकोस. ‘७२च्या दुष्काळात सुकडी कुठे मिळायची?’ असं विचार – मोठ्या प्रश्नाला माणूस बिचकतो, खाण्याच्या आठवणीला बोलता होतो. पुण्याकडे पानशेतचा पूर, लातूरकडे किल्लारीचा भूकंप विचारलास की आपोआप साल लागतं.

३०. रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी घे, आणि मध्ये बोलू नकोस – माणूस थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकायची घाई होते, पण खरी गोष्ट त्या थांबण्यानंतरच येते.

३१. किल्ल्यावर सहल नेलीस तर अत्तर, धूर आणि ढोल-ताशे खालीच ठेव – कड्यावरच्या आग्या मोहोळाला हे तिन्ही खपत नाहीत. पुढे एक आणि मागे एक जाणता माणूस ठेव.

३२. ‘किल्ले आता जागतिक वारसा झाले’ असं सांगताना पुरतं सांग: जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत १२ किल्ले गेले, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी – अभिमानाला नेमकेपणाची जोड असली की तो टिकतो.

संपल्यावर

३३. तीन दिवसांच्या आत वस्तू घरपोच दे, आणि जो घेऊन आला त्यानंच ती परत न्यावी – वस्तू वेळेवर परत गेली तरच पुढच्या वर्षी माणूस परत येतो.

३४. स्कॅन दोन वेगळ्या ठिकाणी ठेव आणि एक संच त्या घराला दे – वाळवी आणि पूर विचारून येत नाहीत.

३५. अभिप्राय वहीत ‘तुमच्या घरी असं काही आहे का?’ असा एक रकाना पाड – पुढच्या प्रदर्शनाचं निमंत्रण त्यातच लिहिलेलं असतं.

३६. वर्गणीचा हिशेब आठवड्याच्या आत फळ्यावर लाव – इतिहासात चूक काढली तर लोक चर्चा करतात, पैशात शंका आली तर येणंच सोडतात.

३७. प्रदर्शनानंतर महिन्यातून एक संध्याकाळ बैठकीची ठेव: एकानं टिपण वाचायचं, बाकीच्यांनी शंका विचारायच्या – १९१०ला पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पाक्षिक सभेनं हीच शिस्त घालून दिली.

३८. एका माणसाच्या हुशारीवर मंडळ चालवू नकोस, प्रत्येक कामाला दुसरा हात तयार ठेव – १९२६च्या ३१ डिसेंबरला राजवाडे धुळ्यात वारले, आणि पुढच्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं केलं. मागचे लोक तयार असले की काम थांबत नाही.

एवढं सगळं पहिल्याच वर्षी साधलं नाही तरी चालेल. पण घेतलेलं परत देणं आणि खरं तेच लिहिणं, या दोन्हींत सवलत नाही. आणि वस्तू शोधायला गाव पालथं घालण्याआधी आपल्याच घरी ये. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक अजून कुणी उघडलेली नाही. सुरुवात तिथून कर.